माफीचा दगड

मित्रांनो, मी एक जुना, काळा, चपटा दगड आहे. दगडाला कसलं आलंय चरित्र, असं म्हणून नाक मुरडू नका. आमच्या बेटावर माझ्यासारख्या दगडाला चारचौघांत मानाची जागा असते. मला ओलांडून कुणी जात नाही, माझ्यावर कुणी बसत नाही, आणि माझ्यावर पाय ठेवायचं तर कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे येत नसे.

माझा जन्म वरच्या डोंगरात, नदीच्या पात्रात झाला. ज्यांच्या घरी मी पुढे राहिलो त्या मेलसोरबाबांचे आजोबा एका सकाळी हातात गोटा घेऊन पाण्यात उतरले आणि दिसेल त्या दगडावर ठोकत सुटले. कुणी 'ठप्प' म्हणालं, कुणी 'खट्ट' म्हणालं. माझ्यावर गोटा पडला आणि मी घंटेसारखा वाजलो. म्हातारा इतका खूश झाला की तिथेच पाण्यात फतकल मारून बसला. "हा गाणारा आहे, हा आपल्या घरी येणार," म्हणाला. मग वाडीतल्या गड्यांनी मला दोरांनी बांबूंना बांधलं आणि घाम गाळत, एकमेकांना शिव्या घालत पानमेई वाडीत आणलं.

तिथे मेलसोरबाबांच्या घराण्याची नास आहे. नास म्हणजे बैठकीची मोठी पडवी. तीन बाजूंना ओटा, वर पत्रा, मधोमध उघडी माती. ओट्यावर मानकरी बसायचे आणि मातीत मी. माझ्यावर सकाऊ कुटत. सकाऊ हे एका झुडपाचं मूळ. ते माझ्यावर ठेवून चार-पाच जणांनी एका ठेक्यात कुटायचं, झाडाच्या ओल्या सालीत गुंडाळून पिळायचं, आणि निघेल तो दाट, मातकट रस करवंटीतून प्यायचा. चवीचं विचारू नका, रोज पिणाराही तोंड वाकडं करतो. पण जीभ बधिर झाली की भांडणारी माणसं हळूहळू गप्प होतात आणि एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करायला लागतात.

माझे सगळ्यात चांगले दिवस कासियानोचे. कासियानो म्हणजे मेलसोरबाबांचा जावई, त्यांच्या देरुकोचा नवरा. बायकोच्या माहेरीच राहायला आला होता. दणकट गडी, पण हात असा हलका की मला कधी दुखलं नाही. त्याचा स्वतःचा गोटा होता, करडा, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला. त्याचा ठेका सुरू झाला की नदीपलीकडच्या रस्त्यावरची माणसं म्हणत, "चला, पानमेईत कासियानो बसला." बैठक संपली की तो मला पाणी ओतून धुवायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "बुढ्या, आज काय गायलास रे!" दगडाला एवढं कौतुक पुष्कळ झालं.

आता माझ्या खऱ्या कामाचं सांगतो. आमच्याकडे कुणाचा मोठा अपराध घडला, तर अपराधी माणूस आपल्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याला घेऊन, सकाऊचं झाड मुळासकट खांद्यावर घालून, ज्याचं वाईट केलं त्याच्या नासमध्ये येतो. ओट्यावर चढत नाही, खाली मातीत बसतो. त्याचा सकाऊ माझ्यावर कुटतात आणि पहिली करवंटी घरच्या कर्त्यापुढे धरतात. ती करवंटी परत पाठवायची नसते. आजवर कुणी पाठवलेली नाही. आणि एकदा ती प्यायली की तो विषय मिटला. त्या घरातल्या कुणी तो पुन्हा तोंडातून काढायचा नाही, अगदी चुलीपाशीसुद्धा नाही.

कासियानोचा धाकटा भाऊ वेलसन एकदा आमच्याच वाडीतलं डुक्कर चोरताना सापडला. वाडीतले लोक कोयते घेऊन त्याच्या मागे लागले होते. पण करवंटी फिरली आणि संध्याकाळी तेच लोक वेलसनच्या पाठीत धपाटे घालत म्हणत होते, "लेका, चोरायचंच होतं तर जरा बरं डुक्कर तरी चोरायचंस!" अशी किती घरं माझ्यामुळे तुटायची वाचली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

मग निवडणुका आल्या. आमचा गव्हर्नर कुणी नेमत नाही, दर चार वर्षांनी सगळं राज्य मतं देऊन त्याला निवडतं. लोरेन्सो नावाचा माणूस पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा तो पानमेईतही आला. पानमेई नदीच्या अल्याड आणि रस्ता, शाळा, दवाखाना, दुकान सगळं पल्याड. मध्ये पूल नाही. पात्रातल्या दगडांवरून पाय टाकत जायचं, आणि मधोमध दोन दगडांत एवढं अंतर की उडीच मारावी लागे. लोरेन्सो माझ्या शेजारी मांडी घालून बसला, करवंटी तोंडाला लावली आणि म्हणाला, "मी निवडून आलो की पहिलं काम तुमचा पूल." त्या दिवशी कासियानोच कुटत होता. आनंदानं त्यानं असा काही ठेका धरला की ओट्यावरचे म्हातारे माना डोलवायला लागले.

लोरेन्सो निवडून आला. पूल आला नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी कासियानो दुकानातून तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन परत येत होता. आमच्याकडे पाऊस रोजचाच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी वर डोंगरात जास्त झाला होता, आणि कासियानो मधल्या उडीपाशी असताना लोंढा आला. गोणी खाली समुद्राजवळ सापडली. तोही तिथेच सापडला. त्याच्या मयताला माझ्यावर सकाऊ कुटला तो वेलसननं, भावाच्याच गोट्यानं. ठेका सारखा चुकत होता. रडत कुटल्यावर दुसरं काय होणार?

देरुको तशी बोलणारी बाई नव्हती. नवरा गेल्यावर तिनं कोनफळांची लागवड सांभाळली, बापाला सांभाळलं आणि मिनेला, तिच्या मुलीला, रोज हात धरून नदीपार शाळेत पोचवलं. पण पुन्हा निवडणूक लागली, लोरेन्सोची चित्रं छापलेले शर्ट घालून पोरं हिंडायला लागली, आणि देरुकोच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं. ती वाडी-वाडीच्या नासमध्ये जाऊन बसायची. विरुद्ध बाजूला एक म्हातारे डॉक्टर उभे होते, त्यांना मत द्या असंही ती कधी म्हणाली नाही. तिचा एकच प्रश्न असे: "आमच्या नासमध्ये बसून दिलेला पूल कुठे आहे?"

एवढंच विचारायची आणि उठून यायची. पण लोक मान हलवायला लागले. गव्हर्नरच्या माणसांनी तिच्याकडे तांदूळ आणि माशांचे डबे पाठवले, ते तिनं जसेच्या तसे परत केले. मग नदीपलीकडे एक ट्रक आला आणि खडीचा ढीग अन् चार लोखंडी सळ्या टाकून गेला. शेजारी पुलाचं चित्र आणि गव्हर्नरचा हसरा चेहरा छापलेली पाटी लागली. वेलसन म्हणाला, "वहिनी, पूल नाही तर नाही, पुलाचा फोटो तरी आला."

"फोटोवरून मिने शाळेत जाणार आहे का?" देरुको म्हणाली.

मतदानाच्या आधी रेडिओवर सामान्य माणसांना बोलू देतात. देरुकोचं नाव त्यात लागलं होतं. राज्यातल्या सगळ्या बेटांवर तो रेडिओ ऐकतात. ओट्यावर बसून ती मिनेला समोर घेऊन बोलायचा सराव करायची. "हळू बोल गं आई, कुणी मागे नाही लागलंय," असं मिने म्हणायची आणि दोघी हसायच्या. कासियानो गेल्यापासून त्या पडवीत हसू ऐकलं नव्हतं. आता काहीतरी होईल, असं मलाही वाटायला लागलं. दगड झालो म्हणून काय आशा नसते?

ज्या संध्याकाळी तिला बोलायचं होतं, त्याच दिवशी दुपारी वेलसन धावत आला.

"वहिनी! अख्खं सरकार चड्ड्या वर करून नदीतून येतंय!"

"कोण येतंय?"

"गव्हर्नर. आणि त्याचे थोरले मामा आहेत बरोबर. दोघांनी दोन बाजूंनी धरलंय म्हाताऱ्याला." मग त्याचा आवाज उतरला. "खांद्यावर सकाऊचं झाड आहे, वहिनी. मुळासकट."

देरुको उभी होती ती खाली बसली. मेलसोरबाबांनी शर्टाची बटणं लावली.

थोरले मामा म्हणजे केवढा मानकरी! एरवी ते आले की सगळ्यांनी वाकून वाट द्यायची आणि ओट्यावर सगळ्यात वरची जागा त्यांची. ते म्हातारं माणूस भिजलेल्या पायांनी आत आलं आणि थेट खाली मातीत बसलं. मान खाली. पत्र्याची गळती त्यांच्या पाठीवर पडत होती, तरी हलले नाहीत. ओट्यावरच्या सगळ्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की कुणाला कुठे बघावं ते कळेना.

गव्हर्नरनं स्वतः शर्ट काढला आणि माझ्यापाशी बसून एक गोटा उचलला.

"तो कासियानोचा आहे," देरुको ओट्यावरून म्हणाली.

वेलसननं पुढे होऊन त्याच्या हातातून गोटा काढून घेतला आणि दुसरा दिला. गव्हर्नर पुढे वाकला. कुटायला लागला.

मित्रांनो, मी ठरवलं होतं, आज वाजायचं नाही. फुटलो तरी चालेल, पण आवाज काढायचा नाही. पण गोटा पडला की मी वाजतो, माझं दुसरं काही चालत नाही. त्या दिवशी तर मी इतका गोड वाजलो की पल्याड रस्त्यावर माणसं थांबली. "पानमेईत माफी चाललीय," असं म्हणत ती टोपल्या खाली ठेवून ऐकत राहिली, हे मला नंतर कळलं.

करवंटी भरली. वाढणाऱ्यानं रिवाजाप्रमाणे मान वळवून ती मेलसोरबाबांपुढे धरली. तेव्हा गव्हर्नर बोलला.

"माझ्याकडून चुका झाल्या. या घराला माझ्यामुळे दुःख झालं असेल तर मला पदरात घ्या." त्याचे डोळे भरून आले होते. ते खरं होतं की खोटं, मला दगडाला काय कळणार? पण पूल हा शब्द त्यानं काढला नाही. कासियानोचं नावही घेतलं नाही.

मेलसोरबाबांनी करवंटी हातात घेतली. प्यायले नाहीत. रस काठावरून सांडून थेंब थेंब खाली मातीत पडत होता.

"बाबा," देरुको म्हणाली, "पिऊ नका."

नासमध्ये असं कुणी बोलत नाही. ओट्यावरच्या एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. खाली मातीत मामांना खोकला आला, तो थांबेचना.

"देरुको, त्यांचं वय बघ," मेलसोरबाबा हळूच म्हणाले. "मातीत बसवून ठेवू का त्यांना? करवंटी परत गेली तर उद्यापासून या घराच्या दारात कुणी उभं राहणार नाही. तुझ्या मुलीच्या लग्नालाही कुणी यायचं नाही."

"आणि रेडिओ?"

मेलसोरबाबांनी डोळे मिटले आणि प्यायले. मग तीच करवंटी त्यांनी मुलीपुढे धरली. सगळ्यांसमोर बापाचा हात तसाच लोंबकळत ठेवायचा की काय, एवढाच प्रश्न तिच्यापुढे उरला. तिनं करवंटी घेतली. एक घोट घेतला. गव्हर्नरसाठी नव्हे, बापासाठी घेतला. पण घोट तो घोटच.

गव्हर्नरनं बाबांचे हात हातात घेतले, मामांना उठवून ओट्यावर बसवलं, मग डुक्कर कापलं, कोनफळं वाटली. सगळी वाडी जेवली. देरुको आत जाऊन बसली.

संध्याकाळी ती पडवीत येऊन बसली तेव्हा रेडिओवर तिचं नाव पुकारलं. थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग रेडिओवरची बाई म्हणाली, "देरुकोताई आलेल्या दिसत नाहीत," आणि त्यांनी चर्चमधलं एक भजन लावलं. मिने रेडिओपाशी बसली होती. तिनं आईकडे बघितलं.

"आई, तू का नाही गेलीस?"

"विषय मिटला, बाळ."

"पण पूल?"

"मिटला म्हटलं ना!" देरुको ओरडली. मग मुलीला जवळ ओढून तिच्या केसांत तोंड खुपसून बसली. मी दोन हातांवर होतो. मला काहीसुद्धा करता आलं नाही.

मतदान झालं. लोरेन्सो पुन्हा गव्हर्नर झाला. सुरुवातीला डॉक्टर पुढे होते म्हणे, पण आमच्या नदीकाठच्या वाड्यांची मतं मोजली आणि पारडं फिरलं. लोकांनीही काही दगा दिला नाही हो. त्यांनी साधा विचार केला. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं माफ केलं, मग आपण कोण राग धरणारे? वेलसननं कुणाला मत दिलं, ते त्यानं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हता.

खडीच्या ढिगावर गवत वाढलं. सळ्या कुणीतरी डुकरांच्या कुंपणाला नेल्या. पाटीवरचा चेहरा पावसानं फिका झाला, तरी हसतच राहिला. वाडीतली पोरं रोज ती मधली उडी मारून शाळेत जायची, आणि मिने उडी मारायची तेव्हा देरुको काठावर उभी राहून डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायची. तिला बोलायची बंदी होती. ओरडायची, विचारायची, रडून मागायची, सगळ्याची बंदी. विषय मिटला होता.

एका सकाळी ती नासमध्ये आली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, हा दगड मला द्या."

"कुठला?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"वेड लागलंय का तुला? आजोबांचा दगड आहे तो! कशाला पाहिजे?"

"नदीत ठेवायचाय. मध्ये, उडीच्या जागी." ती म्हणाली. "मी काही बोलत नाहीये, बाबा. काही मागतही नाहीये. नुसता दगड ठेवणार आहे."

मेलसोरबाबा ओट्यावरून उठले. खाली उतरले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. तसा हात कासियानोनंतर कुणी फिरवला नव्हता.

"ने," ते म्हणाले. "हा इथे नसला म्हणजे माझ्या दारात पुन्हा कुणी माफी मागायला तरी येणार नाही."

दोर आले, बांबू आले. ज्यांनी लोरेन्सोला मतं दिली होती तेच गडी खांदा द्यायला आले. वेलसन सगळ्यात पुढे होता. "बुढ्या, किती जड झालास रे! माफ्या खाऊन खाऊन फुगलास," असं म्हणाला आणि तिथेच त्याला रडू फुटलं. "वहिनी, मी..." म्हणाला.

"बांबू धर नीट," देरुको म्हणाली.

अशा रीतीनं मी, ज्याच्यावर कुणी पाय ठेवत नव्हतं, तो पाय ठेवण्यासाठी पुन्हा नदीत आलो. जिथून कासियानो गेला तिथेच मला बसवलं. पहिल्यांदा मिने आली. माझ्यावर पाय ठेवायला घाबरत होती, पाप लागेल म्हणून. मग चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चढली. तिचं वजन ते केवढं! खरं सांगतो, एवढ्या वर्षांच्या मानात मला तेवढं सुख मिळालं नव्हतं.

काही दिवसांनी गव्हर्नर लोकांचे आभार मानत वाडी-वाडीतून फिरत आला. पाणी कमी होतं. बूट न काढताच दगडांवरून चालत आला आणि माझ्यावर येऊन थांबला. त्यानं मला ओळखलं नाही. ज्या दगडापुढे मातीत बसून रडला होता, तो पायाखाली आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं टाच दोनदा आपटून बघितली.

"वा! हा दगड छान बसवलाय," तो काठावरच्या लोकांना म्हणाला. "पूल नसला तरी तुमचं चालतंय की!"

काठावर सगळी वाडी उभी होती. मेलसोरबाबांनी मान फिरवली. वेलसननं मूठ आवळली. देरुकोचे ओठ उघडले, आणि परत मिटले. कुणीही काही बोलू शकत नव्हतं, आणि मी तर काय, त्याच्या टाचेखाली वाजलोही नाही. गाळात घट्ट रुतवलेला दगड वाजत नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. मला धुऊ नका, माझी पूजा करू नका, माझा जुना मान परत द्या असंही मी म्हणत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा. डोंगरावर ढग काळे दिसले, पाणी गढूळ झालं आणि मी दिसेनासा झालो, की काठावरच थांबा. शाळा बुडाली तर बुडू दे. मी आहे तिथेच असेन, पण पाण्याखाली असेन. तुमचा पाय घसरला, तर मला धरता येणार नाही. मला हात नाहीत.